मोटारीच्या पत्र्यांच्या फटी कशा जुळवाव्यात

मोटारीला किरकोळ धक्का बसला की रंगावरचा ओरखडा लगेच दिसतो. पण बॉनेट आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, यांच्यामधली फट एका टोकाला अरुंद झाली आहे, हे बहुधा काही दिवसांनी गाडी पुसताना लक्षात येते. माझ्या चार दारांच्या हॅचबॅकचा डावा पुढचा कोपरा सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला अगदी कमी वेगात घासला होता. पत्रा फारसा चेपला नव्हता. मात्र बॉनेटची डावी फट पुढच्या टोकाला दबली आणि पुढचे दार उघडताना त्याची वरची कड फेंडरला लागू लागली. ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली, तिथे बॉनेट थोडे उजवीकडे सरकवून दिले. डावी फट बरी दिसू लागली, उजवी बिघडली, आणि दार लागायचे ते लागतच राहिले. पुढे ते काम मी स्वतः पुन्हा केले. कोणता भाग हलला आहे हे नक्की होईपर्यंत कोणत्याही बोल्टला पाना लावू नये, ही गोष्ट मला तेव्हा पटली. पुढचे सगळे विवेचन त्याच धाग्याने लिहिले आहे.

फटी कशामुळे बिघडतात

आजच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा एकसंध असतो. छप्पर, खांब, दाराखालचा उंबरठा आणि मागच्या चाकावरचा पत्रा हे सगळे एकमेकांना वेल्ड केलेले असतात आणि ते जागचे हलवता येत नाहीत. दारे, पुढचे फेंडर, बॉनेट आणि डिकीचे झाकण एवढेच भाग बोल्टवर बसवलेले असतात. त्यांच्या बोल्टांची छिद्रे मुद्दाम मोठी किंवा लांबट ठेवलेली असतात, म्हणजे जुळवणीसाठी पत्रा काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकवता येतो. फट बिघडण्याची कारणे मुख्यतः तीन. धक्क्याने बोल्टखालचा पत्रा सरकतो, बिजागरी झिजते किंवा वाकते, अथवा ज्याच्यावर हे सगळे उभे आहे तो सांगाडाच वाकतो. पहिल्या दोन गोष्टी घरी दुरुस्त करता येतात. तिसरी मात्र सांगाडा ओढून सरळ करण्याचे यंत्र असलेल्या कार्यशाळेतच होते. म्हणून आपले काम कोणत्या प्रकारात मोडते हे आधी ओळखावे लागते.

मोजणी

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चारही टायरांतली हवा ठरलेल्या दाबाची असावी आणि डिकीत जड सामान नसावे. गाडी जॅकवर उचलून फटी कधीही मोजू नयेत किंवा जुळवू नयेत. एका कोपऱ्यावर भार आला की सांगाडा थोडा पिळतो, आणि वर असताना जुळलेले दार गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा वेगळे बसते.

मोजण्यासाठी महाग साधन लागत नाही. तीन, साडेतीन, चार आणि साडेचार मिलिमीटरच्या ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे फटीत घालून पाहिले की अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळतो. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून फटीच्या दोन्ही कडांवर मास्किंग टेप लावावी आणि टेपची जाडी सगळीकडे सारखीच राहील याकडे लक्ष द्यावे. जुनी एटीएम कार्डेही चालतात. अशा एका कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, तेव्हा पाच कार्डे एकत्र धरली की ३.८ मिलिमीटरची पट्टी तयार होते. प्रत्येक जोडाची फट वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजावी आणि आकडा तिथल्याच टेपवर लिहावा. नंतर गाडीच्या दुसऱ्या बाजूची तशीच मोजणी करावी, कारण धक्का न लागलेली बाजू हाच आपला सर्वांत विश्वासार्ह नमुना असतो. सर्वसाधारण मोटारींत या फटी तीन ते पाच मिलिमीटरच्या आसपास असतात. तरी फट किती आहे याहून ती सर्वत्र सारखी आहे का, हे अधिक महत्त्वाचे आहे. चार मिलिमीटरची एकसारखी फट डोळ्यांना खटकत नाही, पण एका टोकाला अडीच आणि दुसऱ्या टोकाला चार असेल तर ती लांबूनही दिसते.

फटीबरोबर पातळीही पाहावी लागते. दोन पत्र्यांच्या जोडावरून बोटाचे टोक आडवे फिरवले की कोणता पत्रा वर आला आहे ते लगेच समजते. इथे एक बारकावा आहे. पुढच्या पत्र्याच्या मागच्या कडेपेक्षा मागच्या पत्र्याची पुढची कड किंचित आत असावी, बाहेर कधीच नसावी. दाराची पुढची कड फेंडरच्या बाहेर आली तर समोरून येणारा वारा तिच्यावर आपटतो आणि वेगात गाडी चालवताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

आता आकड्यांचा अर्थ लावू. फट सगळ्या लांबीत सारख्याच मापाने रुंद किंवा अरुंद झाली असेल, तर पत्रा सरळ सरकला आहे. ती पाचरीसारखी निमुळती झाली असेल, तर पत्रा एखाद्या बिंदूभोवती फिरला आहे. माझ्या गाडीत फेंडर आणि पुढचे दार यांच्यामधली फट वर दीड आणि खाली चार मिलिमीटर होती. उजव्या बाजूला तीच फट वरपासून खालपर्यंत चार होती. पुढचे आणि मागचे दार यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी होती, म्हणजे दार आपल्या जागी होते. बॉनेटची डावी फट मागे चार आणि पुढे दोन, तर धक्क्यानंतर लगेच काढलेल्या छायाचित्रात उजवी फट सगळीकडे सारखी दिसत होती, म्हणजे बॉनेटही जागचे हलले नव्हते. राहिला तो फेंडर. त्याचा वरचा भाग सुमारे अडीच मिलिमीटर मागे ढकलला गेला होता आणि पुढचे टोक दोन मिलिमीटर आत झुकले होते. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते, आणि गॅरेजने नेमका ज्याला हात लावायला नको होता तोच भाग हलवला होता.

या निदानाला बोल्टही साक्ष देतात. बॉनेट उघडून फेंडरच्या वरच्या बोल्टांकडे जवळून पाहावे. कारखान्यातला रंग बोल्टाच्या डोक्याभोवती चढलेला असतो. पत्रा सरकला की डोक्याच्या एका बाजूला रंग न लागलेल्या, चकचकीत पत्र्याची बारीक चंद्रकोर उघडी पडते. ती चंद्रकोर पत्रा कोणत्या दिशेला आणि किती सरकला हे सांगते. ती पुसून टाकू नये. पत्रा परत आणताना तीच आपली खूण असते.

सांगाडा वाकला आहे का हे पाहण्यासाठी बॉनेट उघडून इंजिनाच्या जागेचे दोन्ही कर्ण मोजावेत. मागे डाव्या बिजागरीजवळच्या एखाद्या कारखानी छिद्रापासून पुढे उजव्या हेडलॅम्पच्या आधारावरच्या छिद्रापर्यंत एक कर्ण, आणि त्याच्या नेमक्या उलट दुसरा. मोजपट्टी मधल्या भागांना टेकून वाकू नये म्हणून एकमेकींवर सरकणाऱ्या दोन सरळ पट्ट्या वापराव्यात. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, किंवा पुढच्या आडव्या पट्टीला सुरकुती पडलेली दिसली, तर काम तिथेच थांबवावे आणि गाडी मापनाची सोय असलेल्या कार्यशाळेत न्यावी. वाकलेल्या सांगाड्यावर छिद्रे कानशीने वाढवून फटी जुळवणे ही फसवणूक आहे, कारण पुढच्या धक्क्याच्या वेळी तो सांगाडाच आतल्या माणसांना वाचवणार असतो.

कामाचा क्रम

जुळवणी नेहमी न हलणाऱ्या भागापासून सुरू करून पुढे न्यावी. मागच्या चाकावरचा पत्रा वेल्ड केलेला असल्यामुळे मागचे दार त्याला जुळवायचे, पुढचे दार मागच्या दाराला, फेंडर पुढच्या दाराला, बॉनेट दोन्ही फेंडरांना आणि शेवटी हेडलॅम्प व बंपर. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक पुढची पायरी आधीचे काम बिघडवते. शिवाय अनेक गाड्यांत पुढच्या दाराच्या बिजागरीचे खांबाकडचे बोल्ट फेंडर काढल्याशिवाय हाताला लागतच नाहीत, म्हणून दाराचे काम असेल तर ते फेंडर बसवण्याआधीच उरकावे लागते.

पाना लावण्यापूर्वी प्रत्येक बोल्टाच्या आणि बिजागरीच्या कडेने टोकदार पेन्सिलीने रेघ मारावी. ही रेघ असेल तर काही बिघडले तरी मूळ जागी परत येता येते. मुंबईत किंवा कोकणात वापरलेल्या गाडीचे उंबरठ्याजवळचे बोल्ट खाऱ्या हवेने आणि पावसाच्या चिखलाने गंजलेले असण्याची शक्यता मोठी असते. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गंजलेला बोल्ट जोर लावून तोडला, तर अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते.

दार

दाराला हात लावण्याआधी ते अर्धे उघडून मागच्या टोकाला धरावे आणि वर उचलून पाहावे. बिजागरीत खडखड जाणवली, तर तिची खीळ किंवा बुश, म्हणजे खिळीभोवतीची नळी, झिजली आहे. अशा बिजागरीचे बोल्ट सरकवून काहीच साधत नाही, कारण थोड्याच दिवसांत दार पुन्हा झुकते. ती खीळ किंवा आख्खी बिजागरीच बदलावी लागते. जुन्या गाड्यांत हा दोष चालकाच्या दारात जास्त आढळतो, कारण तेच दार सर्वांत जास्त वेळा उघडते आणि पुष्कळांना उतरताना त्याच्यावर भार टाकण्याची सवय असते.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे. दाराच्या मागे खांबावर जो लोखंडी आकडा असतो, ज्याला गॅरेजमध्ये स्ट्रायकर म्हणतात, तो पूर्ण काढून ठेवावा आणि दार हलक्या हाताने लावून पाहावे. आता दार केवळ बिजागऱ्यांवर लटकत असते, म्हणून ते खरोखर कुठे बसते ते दिसते. स्ट्रायकर काढल्यावर दार खाली झुकत असेल, तर याआधी कोणीतरी स्ट्रायकर वर सरकवून कुलपाच्या जोरावर ते दार उचलून ठेवले होते, असे समजावे. घाईच्या दुरुस्तीत हा प्रकार फार चालतो. दार लागताना आपटते, कुलूप झिजते आणि बिजागरीवर विनाकारण ताण येतो. दार बिजागऱ्यांवरच योग्य जागी यायला हवे. स्ट्रायकरने त्याला फक्त धरून ठेवायचे असते.

मागचे टोक झुकलेले दार उचलायचे असेल, तर वरची बिजागरी खांबाकडे थोडी पुढे सरकवावी, किंवा खालची थोडी मागे. दोन बिजागऱ्यांमधले अंतर साधारण पस्तीस-चाळीस सेंटिमीटर आणि दाराची लांबी मीटरभर धरली, तर वरची बिजागरी एक मिलिमीटर पुढे गेली की दाराचे मागचे टोक जवळजवळ अडीच मिलिमीटर वर येते. हे प्रमाण लक्षात ठेवावे. नवखा माणूस बिजागरी अडीच मिलिमीटर सरकवतो आणि मग दार छताला का लागते, या कोड्यात पडतो. बहुतेक गाड्यांत बिजागरीचे खांबाकडचे बोल्ट पुढे-मागे आणि वर-खाली जागा देतात, तर दाराकडचे बोल्ट आत-बाहेर. पण हे सगळीकडे सारखे नसते, म्हणून बोल्टाचे छिद्र कोणत्या दिशेने लांबट आहे ते आधी पाहावे.

काम करताना दाराखाली जॅक ठेवावा, त्याच्यावर लाकडी ठोकळा आणि जाड कापड घालावे, आणि शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने दाराचे टोक धरावे. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करावेत आणि तेही सगळे नव्हे. एक बोल्ट जेमतेम आवळलेला ठेवला की दार हाताच्या दाबाने सरकते, पण घसरून खाली येत नाही. दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्याची पातळी बाहेर आली असेल, तर खालची बिजागरी किंचित बाहेर घ्यावी. वरची बिजागरी आणि कुलूप यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेभोवती दार फिरते, आणि समोरासमोरचे दोन कोपरे एकमेकांच्या उलट दिशेने जातात. दारावर लांबीभर जाणारी उठावाची रेघ पुढच्या आणि मागच्या दारावर एका ओळीत आली की उंची बरोबर झाली असे समजावे.

मग स्ट्रायकर परत बसवावा. तो हाताने हलेल इतपतच आवळून दार एकदा सावकाश लावावे, कुलपाला त्याची जागा स्वतः शोधू द्यावी, दार जपून उघडावे आणि मग तो पक्का करावा. दार लावताना ते शेवटच्या क्षणी वर किंवा खाली उडी मारत असेल, तर स्ट्रायकरची उंची अजून चुकलेली आहे.

फेंडर आणि बॉनेट

पुढच्या फेंडरचा पत्रा पातळ, साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो आणि तो अनेक ठिकाणी बोल्टांनी धरलेला असतो. वर बॉनेटच्या कडेखाली एक रांग असते, दार उघडल्यावर दिसणारा एक बोल्ट दाराच्या वरच्या कोपऱ्याशी असतो, एक-दोन खाली उंबरठ्याजवळ, आणि पुढचे बंपर व हेडलॅम्प यांच्या आड. आड असलेला एखादा बोल्ट घट्ट राहिला तर फेंडर सरकल्यासारखा वाटतो आणि हात सोडला की परत येतो. म्हणून बंपरचे टोक आणि चाकाच्या आतले प्लास्टिकचे अस्तर आधी सोडवावे. अस्तराच्या चापांची जीभ सहज तुटते. ते स्वस्त मिळतात, तेव्हा चार-सहा नवे आधीच आणून ठेवावेत.

माझ्या गाडीत उंबरठ्याजवळचा बोल्ट अर्धवट सैल करून तोच फिरण्याचा बिंदू धरला, वरची रांग आणि पुढचे बोल्ट सैल केले, आणि दार व फेंडर यांच्यामध्ये वरच्या बाजूला टेप गुंडाळलेला चार मिलिमीटरचा दांडा धरून फेंडर पुढे ओढला. चंद्रकोरी पुन्हा झाकल्या गेल्या तेव्हा फटही जुळलेली होती. आधी दाराकडचा वरचा बोल्ट आवळावा, मग उंबरठ्याचा, मग वरची रांग मागून पुढे, आणि प्रत्येक बोल्टानंतर फट पुन्हा पाहावी, कारण आवळताना बोल्ट पत्र्याला आपल्याबरोबर थोडा फिरवतो. फेंडरची मागची कड दारापेक्षा आत बसत असेल, तर खांब आणि फेंडर यांच्यामध्ये पातळ पत्र्याचे पॅकिंग घालावे. दहाच्या पान्याचे हे बोल्ट बहुधा सहा मिलिमीटर आट्यांचे असतात आणि त्यांना सुमारे १० न्यूटन-मीटर एवढाच आवळ पुरतो. जास्त जोर लावला तर पत्र्यामागचा नट फिरू लागतो आणि तो पकडायला वाट नसते.

गॅरेजने सरकवलेले बॉनेट मला त्याच्या मूळ जागी परत आणावे लागले. बॉनेटचे काम करताना आधी त्याच्या कुलपाचा आकडा काढून ठेवावा किंवा सैल सोडावा, नाहीतर तो बॉनेटला आपल्याकडे ओढतो आणि मोजणी खोटी ठरते. डावी-उजवी आणि पुढे-मागे अशी जुळवणी बिजागरीच्या बोल्टांनी होते, मागच्या कडेची उंचीही तिथेच ठरते. पुढच्या दोन कोपऱ्यांची उंची रबरी बफर पिळून कमीजास्त करता येते. प्रत्येक बदलानंतर बॉनेट पहिल्यांदा दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणावे आणि कडा फेंडरला टेकत नाहीत ना ते पाहावे. जोरात सोडलेल्या बॉनेटने नुकत्याच जुळवलेल्या फेंडरच्या कडेचा रंग उडवणे, ही सर्वांत हळहळ लावणारी चूक आहे.

कुलूप सर्वांत शेवटी बसवावे. बॉनेट वीस-तीस सेंटिमीटर उंचीवरून सोडले की ते पूर्ण लागले पाहिजे. आतली दोरी ओढल्यावर ते किंचित उचलले जाऊन दुसऱ्या कडीवर अडकलेच पाहिजे. दुसरी कडी धरत नसेल तर गाडी रस्त्यावर आणू नये. पहिले कुलूप सुटले तर धावत्या गाडीत बॉनेट उलटून काचेवर येण्यापासून वाचवणारी तेवढी एकच गोष्ट असते.

डिकी आणि बंपर

डिकीच्या झाकणाची रीत बॉनेटसारखीच असते. बिजागऱ्या छताकडे, उंचीसाठी रबरी बफर आणि शेवटी कुलूप. काही सेडान गाड्यांत झाकण उचलायला पिळलेल्या पोलादी सळ्या असतात. त्यांत बराच ताण साठलेला असतो, म्हणून त्या हाताने सोडवू नयेत. बंपर स्वतः फारसे जुळवावे लागत नाही, फेंडर जागेवर आला की तोही बसतो. ज्या गाड्यांत पुढच्या बंपरमागे रडार किंवा बाजूला पार्किंगचे सेन्सर असतात, तिथे मात्र त्यांची दिशा बदलली नाही याची खात्री अधिकृत केंद्रात करून घ्यावी.

शेवटच्या तपासण्या

फटी पुन्हा मोजून टेपवरच्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहाव्यात. बोल्ट सरकवल्याने जिथे पत्रा उघडा पडला असेल, तिथे प्राइमर आणि रंगाचा एक हात द्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर काम करत असाल तर हे त्याच दिवशी करावे. दार जुळवले असेल तर आत एकाला बसवून बाहेरून नळीने दाराच्या वरच्या कडेवर पाच मिनिटे पाणी सोडावे, आणि रबराच्या आतून ओल येते का ते पाहावे. नंतर एखादा कागद दार आणि रबर यांच्यामध्ये धरून दार लावावे आणि तो ओढावा. सगळीकडे सारखा अडखळला तर रबर नीट दबते आहे. खराब रस्त्यावर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवल्यावर सगळ्या बोल्टांवर पुन्हा एकदा पाना फिरवावा.

हेडलॅम्प सोडवला असेल, तर संध्याकाळी गाडी भिंतीसमोर सपाट जागेवर उभी करून दोन्ही झोतांची वरची कड एकाच उंचीवर येते का ते पाहावे, आणि न आल्यास दिव्यामागच्या स्क्रूने ती जुळवून घ्यावी.